शाळेच्या रस्त्यावर पहारा कोणाचा?

भारतीय संविधानाच्या पंधराव्या कलमाचा दुसरा खंड आपल्या चळवळीतल्या बहुतेकांना तोंडपाठ असतो. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला अडवता येणार नाही, असे तो सांगतो. विहीर आणि तलाव म्हटले की आपल्याला महाड आठवते. पण त्याच यादीत आणखी एक शब्द आहे, आणि त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तो शब्द म्हणजे रस्ते! तो तिथे उगाच आलेला नाही. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावरून चालणाऱ्या अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते. वायकोमला १९२४ साली जो सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता, देवळाच्या भोवतालच्या रस्त्यावरून चालता यावे एवढ्यासाठीच होता. रस्ता कोणाचा, हा प्रश्न या देशात कधीच साधा नव्हता.

आज रस्त्यावर तशी पाटी कोणी लावत नाही. पण सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या परिसरात सकाळी शाळेच्या वेळेला उभे राहा आणि सात वर्षांच्या पोरीच्या पायांनी तो रस्ता ओलांडण्याचा विचार करून बघा. रस्ता ज्याच्याकडे इंजिन आहे त्याचा झालेला आहे. पायी चालणाऱ्याने वाट बघायची, अंग चोरायचे आणि पळायचे. आणि पायी चालणारा कोण, हे आम्ही या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

हा भाग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा गाजावाजा झाला. तो माल विणणारे यंत्रमाग ज्या वसाहतींत आहेत, त्यांतली ही एक मोठी. आजूबाजूला नीलमनगर, सुनीलनगर, स्वागतनगर अशा कामगारांच्या दाट वस्त्या. याच रस्त्याने पुढे कुंभारी. तिथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली तिचे हस्तांतरण झाले. त्यानंतर असंघटित कामगारांसाठी रे नगर झाले. एकूण तीस हजार घरांची ही योजना, त्यातल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. विडीवाल्या, मागवाले, फेरीवाले, कचरा वेचणारे, सगळे कष्टकरी. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत ऐकू येतात आणि त्या त्या माध्यमाच्या शाळेसाठी मुले वेगवेगळ्या दिशांना जातात. लढून घर मिळाले, ही छोटी गोष्ट नव्हे. पण घर म्हणजे नुसत्या चार भिंती नसतात. घरापासून शाळेपर्यंतची वाट हाही घराचाच भाग आहे, आणि ती वाट सोलापूर-अक्कलकोट या चौपदरी रस्त्याला कुठे ना कुठे भिडते.

या रस्त्यावरून काय धावते? कारखान्यांचे सूत आणि गाठी वाहणारे टेम्पो, कंटेनर, सिमेंटचे बल्कर, वडापच्या रिक्षा. हंगामात उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन, मागे दिवा असलाच तर नशीब, आणि ड्रायव्हरच्या कानाशी गाण्यांचा ढणढणाट. गुरुवारी अक्कलकोटला दर्शनाला जाणाऱ्या गाड्यांची आणखी भर. देवाला पोचायची घाई माणसाला का व्हावी, हे कोडे आम्हाला अजून सुटलेले नाही.

कोणी म्हणेल, आईबापांनी पोरांना सोडायला जावे. सांगणे सोपे आहे! बाप यंत्रमागावर. पाळी बारा तासांची, आणि मागावरून उठला की मीटर पडले नाही, मीटर पडले नाही की पगार नाही. आई सकाळी विड्यांच्या ब्रँचमध्ये काल वळलेल्या विड्या द्यायला आणि पान-तंबाखू आणायला गेलेली. तिथे रांग आहे, छाटणी आहे, मुकादमाची मर्जी आहे. ती वेळ चुकली तर दिवसाची मजुरी बुडते. या घरातली थोरली पोरगी, वय वर्षे दहा, धाकट्याचा हात धरून निघते. म्हणजे ज्या वयात तिलाच कोणीतरी रस्ता ओलांडून द्यायला हवा, त्या वयात ती दुसऱ्याला ओलांडून देते. सुखवस्तू घरातले मूल दारातून बसमध्ये बसते आणि शाळेच्या फाटकात उतरते. त्या बससाठी महाराष्ट्र शासनाने २०११ साली स्वतंत्र नियम केले. बसचा रंग, दार, मदतनीस, आग विझवण्याचे साधन, सगळे लिहिले. प्रत्येक शाळेत परिवहन समिती नेमायला सांगितले. नियम चांगलेच आहेत, त्याविषयी तक्रार नाही. पण जे मूल पायी येते त्याच्यासाठी असा नियम कुठे आहे? तिकीट काढणाऱ्याला सुरक्षा आणि चालणाऱ्याला नशीब, हा कुठला न्याय?

आता जरा हिशेब करू. चौपदरी रस्त्याची एक बाजू म्हणजे साधारण सात मीटर डांबर. लहान मूल दप्तरासह सेकंदाला एक मीटर चालते असे धरा. म्हणजे अर्धा रस्ता ओलांडायला सात सेकंद. ताशी साठ किलोमीटर वेगाने येणारा ट्रक तेवढ्या वेळात सुमारे एकशेसतरा मीटर पुढे येतो. याचा अर्थ असा की मुलाने पाऊल टाकताना शंभर मीटरच्याही पलीकडे असलेल्या गाडीकडे बघून, तिचा वेग ओळखून, आपल्या पावलांशी त्याचा मेळ घालून निर्णय घ्यायचा. हे मोठ्या माणसालाही चुकते. लहान मुलाला तर ते जमतच नाही. त्यात त्याचा दोष नसतो, त्या वयात दूरच्या वस्तूचा वेग जोखण्याची शक्तीच पुरती तयार झालेली नसते. स्वीडनच्या स्टिना सँडेल्स या बाईंनी १९६० च्या दशकात मुलांचा अभ्यास करून हेच मांडले होते, की मुलाला रस्त्यासाठी कितीही शिकवा, रस्ता मुलासाठी बदलावा लागेल. त्याची उंची बघा. उभ्या टेम्पोमागून ते ड्रायव्हरला दिसत नाही आणि त्याला ड्रायव्हर दिसत नाही. म्हणून 'पोरगं एकदम आडवं आलं' हे वाक्य आम्ही मान्य करीत नाही. मूल आडवेच येते, ते मूल आहे. प्रश्न आहे तो गाडी थांबवायला तिथे मोठे माणूस का नव्हते हा!

केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यात पायी चालणारे ३२,८२५. अठरा वर्षांखालची मुले ९,५२८, म्हणजे दररोज सव्वीस. एका वर्गाचे पाऊण बाक रोज रिकामे होतात. याला अपघात म्हणायचे की व्यवस्था म्हणायची?

जगात यावर एक साधा उपाय आहे आणि तो जुना आहे. इंग्लंडमधल्या बाथ शहरात १९३७ साली शाळेसमोर रस्ता ओलांडून द्यायला एका बाईला नेमले. पुढे १९५३ साली त्याचा कायदा झाला. हातात लांब दांडीची गोल पाटी असते, म्हणून मुले तिला लॉलीपॉप लेडी म्हणतात. ती पाटी दिसली की गाडी थांबलीच पाहिजे, न थांबल्यास दंड. जपानात टोकियोने १९५९ साली हेच काम सुरू केले आणि ते नवरा गमावलेल्या आयांना रोजगार म्हणून दिले. लोक त्यांना 'हिरवी मावशी' म्हणू लागले. आम्हाला ही दुसरी गोष्ट विशेष वाटते. लेकरांची सुरक्षा आणि निराधार बाईच्या हाताला काम, दोन्ही एका दगडावर उभे केले. सोलापुरात तंबाखूच्या धुळीने छाती भरलेल्या, विडी सोडून दुसरे काही करायला मिळावे म्हणून तळमळणाऱ्या किती बायका आहेत, ते कामगारवस्तीत विचारा.

आपल्याकडे या पदाला नावसुद्धा नाही. आम्ही तूर्त 'रस्तेरक्षक' म्हणू. त्याचे काम काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण 'शिपायाला उभे करा की' असे म्हणून हा विषय उडवून लावला जातो. रस्तेरक्षकाने पहिले मूल येण्याच्या आधी जागेवर हजर व्हायचे आणि शेवटचे मूल गेल्यावरच जागा सोडायची. मुलांना रस्त्याच्या कडेपासून मागे थांबवून ठेवायचे. गाड्यांत पुरेशी फट मिळाली की आधी स्वतः रस्त्यात जायचे, मुलांना नव्हे. पाटी उंच धरून तोंड गाड्यांकडे करायचे, सगळ्या गाड्या खरोखर थांबल्या आहेत हे बघायचे आणि मगच मुलांना इशारा द्यायचा. एका लेनमधली गाडी थांबली आणि तिच्या आडून दुसऱ्या लेनमधली सुसाट आली, की तिथेच घात होतो. चौपदरी रस्त्यावरचा हा सर्वांत मोठा धोका. म्हणून अशा ठिकाणी एक माणूस पुरत नाही. दुभाजकाच्या दोन्ही अंगांना एकेक लागतो आणि मध्ये मुलांना थांबायला सुरक्षित जागा लागते. शेवटचे मूल पलीकडे पोचेपर्यंत रक्षकाने रस्ता सोडायचा नाही. गाड्यांना हात दाखवून 'चला चला' करायचे नाही, ते काम वाहतूक पोलिसाचे. पलीकडच्या मुलाला हाक मारायची नाही, कारण हाक ऐकली की मूल बघत नाही, धावते. जो ड्रायव्हर पाटी बघून थांबला नाही त्याच्या गाडीचा नंबर, वेळ, तारीख लिहून पोलिसांना द्यायची. अंगात दुरून चमकणारे जाकीट, पावसात रेनकोट, पायात बूट. हे काम करणाऱ्याची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी व्हावी, डोळे-कान तपासलेले असावेत आणि आठवडाभराचे शिक्षण दिलेले असावे. हे झाले काम. आता सांगा, शाळेची घंटा वाजवणाऱ्या, माध्यान्ह भोजनाचे तांदूळ मोजणाऱ्या आणि साहेबांचे कागद पोचवणाऱ्या एकुलत्या एका शिपायाने हे कधी करायचे?

शाळांत आरएसपी आहे, असेही काही जण सांगतील. आरएसपीचा उद्देश चांगला आहे. शिस्त येते, नियम कळतात. पण चौदा वर्षांच्या पोराच्या तोंडात शिट्टी देऊन त्याला दहा चाकी गाडीसमोर उभे करणे हा उपाय नव्हे, ती जबाबदारीची ढकलाढकली आहे. अमेरिकेत १९२० पासून शाळकरी मुलांची पथके आहेत, पण त्यांचे काम मुलांना कडेला थोपवून धरण्याचे आहे, गाड्या थांबवण्याचे नाही. गाडी थांबवायची ती मोठ्या माणसाने, आणि त्याच्या मागे कायदा हवा.

खरी मेख इथेच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११९ प्रमाणे वाहतूक नियमन करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे निर्देश पाळणे चालकावर बंधनकारक आहे. शाळेने आपल्या खर्चाने उभा केलेला साधा माणूस त्यात बसत नाही. त्याने हात केला आणि ट्रकवाला शिवी देऊन निघून गेला, तर तो काय करणार? पण एक वाट आहे, आणि ती आजच्या कायद्यातच आहे. होमगार्ड! १९४७ च्या होमगार्ड कायद्यानुसार कर्तव्यावर बोलावलेल्या होमगार्डला पोलिसासारखेच अधिकार आणि संरक्षण असते. बंदोबस्ताला, मिरवणुकांना, निवडणुकीला आपण त्यांना बोलावतोच. मग शाळा भरताना आणि सुटताना का नको? २०२४ मध्ये शासनाने होमगार्डचा कर्तव्य भत्ता रोज ५७० वरून १,०८३ रुपये केला. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचे शाळेचे दिवस वर्षाला २२०. दोन होमगार्ड धरले तरी एका शाळेचा वर्षाचा खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास येतो. गणेशोत्सवाच्या आणि जयंत्यांच्या स्वागतकमानींवर या शहरात किती खर्च होतो, तो विषय आम्ही आज काढत नाही. आपल्या जयंतीच्या कमानीही त्यात येतात, एवढेच नम्रपणे सांगतो.

मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. हे पद उद्या आलेच, तर ते कंत्राटदाराच्या हातात जाता कामा नये. आपला अनुभव काय सांगतो? जे काम उन्हात, पावसात, धुळीत करायचे आणि ज्यात जिवाला धोका, ते काम ठेकेदारामार्फत आपल्याच माणसाच्या गळ्यात पडते. पगार अर्धा, विमा नाही, जाकीट एकच आणि तेही फाटके. सफाईच्या कामात हे झाले, रखवालीच्या कामात झाले. मुलांच्या जिवाची राखण करणाऱ्याचा जीव स्वस्त धरून ही योजना चालणार नाही. ब्रिटनमध्येही हे पद भरणे स्थानिक परिषदांवर बंधनकारक नाही, आणि पैसे वाचवायची वेळ आली की अनेक परिषदांनी याच जागांवर कात्री चालवली. म्हणून परिपत्रकावर भागवू नये, नियमात लिहून घ्यावे.

त्यासाठी काळ अनुकूल आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पदपथ वापरण्याचा हक्क कलम २१ च्या जगण्याच्या हक्काशी जोडला. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१अ) आणि २१० ड खाली पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे व रस्त्यांच्या रचनेचे नियम करण्यासाठी राज्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. या नियमांत शाळेसमोरचा रक्षक यावा, ही मागणी महाराष्ट्रात कोणी करायची? ज्यांची मुले बसने जातात ते करणार नाहीत. त्याच कायद्यात २०१९ पासून कलम १९८ अ आहे. रस्ता बांधणाऱ्याने सुरक्षेचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कोणी मेले किंवा अपंग झाले, तर दंड. किती? जास्तीत जास्त एक लाख रुपये. आमच्या लेकराच्या जिवाची कमाल किंमत कायद्याने ही ठरवून दिलेली आहे. तीसुद्धा किती ठिकाणी वसूल झाली असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

जबाबदारी कोणाची, असे विचारले की नेहमीचा खेळ सुरू होतो. वसाहतीच्या आतले रस्ते एमआयडीसीचे, बाहेरचा हमरस्ता महामार्गवाल्यांचा, शहरातली शाळा महापालिकेची, हद्दीपलीकडची जिल्हा परिषदेची, आणि वाहतूक पोलिसांची. मुलाला या पाचही हद्दी एका सकाळी ओलांडायच्या असतात आणि त्याला त्यातली एकही दिसत नाही. मोठी कंपनी असेल तर सामाजिक दायित्वाचा निधी मागता येतो, पण इथले बहुतेक कारखाने पंधरा-वीस मागांचे. ते त्या कायद्यात बसतच नाहीत. १८ मे २०२५ च्या पहाटे याच एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागून आठ जणांचा बळी गेला. त्यानंतर आगीच्या तपासणीचा विषय सर्वांच्या तोंडी आला. आधी बळी आणि मग तपासणी, ही रीत रस्त्याच्या बाबतीत तरी मोडायला हवी.

शिक्षण हक्काच्या केंद्रीय नियमांत, २०१० साली, एक वाक्य घातलेले आहे. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर चालण्याच्या अंतरात शाळा असावी. पण घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेत लहान मुलांना धोका असेल, तर ते अंतर कमी करून धोका टळेल अशा जागी शासनाने शाळा द्यावी. म्हणजे वाटेवरचा धोका हा पालकांचा खाजगी प्रश्न नाही, तो शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, हे कायदा मान्य करतो. सोलापूरकरांना हे नवीन वाटू नये. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ च्या जानेवारीत वसतिगृह काढले ते याच शहरात. शाळा उघडी असणे आणि मुलाला शाळेपर्यंत पोचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

मग आता करायचे काय? मोर्चा शेवटी काढावा. त्याआधी शाळा व्यवस्थापन समितीत बसावे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या सभासद स्त्रिया असतात. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे, ती खरोखर भरवावी. ठराव करावा. ठरावात शाळा भरण्याची व सुटण्याची वेळ, मुले जिथून रस्ता ओलांडतात ती नेमकी जागा आणि किती होमगार्ड हवेत ते लिहावे. सोबत गतिरोधक, पट्टे आणि वेगमर्यादेच्या पाटीची मागणी. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, कारण जिल्हा रस्ता सुरक्षा समिती त्यांच्याकडे आहे. एक पोलीस आयुक्तांना, एक होमगार्डच्या जिल्हा समादेशकांना. पोच घ्यावी.

आणि ठरावाला आकडे जोडावेत, आकडे नसले की साहेब लोक 'बघू' म्हणतात. शाळेच्या वेळेला एका आईने वही घेऊन कडेला बसावे आणि सलग सहा दिवस लिहावे: किती मुले ओलांडली, किती एकटी होती, किती जणांच्या हाताला धाकटे भावंड होते, गाड्या थांबल्या की नाही. पंचवीस-पंचवीसच्या कट्ट्यांनी हजार विड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला हे अवघड नाही. फक्त त्या सहा दिवसांत गुरुवार आणि बाजाराचा दिवस चुकवू नये, आणि उसाचा हंगाम सुरू झाल्यावर पुन्हा एकदा मोजावे.